रनिंग बॅक लावायचा की बसवायचा?

अमेरिकेत ऑगस्ट संपत आला की ऑफिसात कोणीतरी विचारतंच, "आमच्या लीगमध्ये एक जागा आहे, येतोस का?" न्यू जर्सी असो, डॅलस असो की बे एरिया, बरेच मराठी लोक फँटसी फुटबॉलमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम करून त्यांच्या मॅचमधल्या कामगिरीवर पॉइंट मिळवायच्या खेळात, असेच ओढले जातात. पुण्यात बसून अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांनाही आता ही आमंत्रणं येतात. आयुष्य क्रिकेट पाहण्यात गेलेलं, एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगचे, नियम जेमतेम माहीत, ड्राफ्टच्या, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडायच्या, दिवशी ॲपने जी नावं वर दाखवली ती घेतलेली. ड्राफ्ट निभावून जातो. पंचाईत पुढे, दर आठवड्याला होते. हाताशी चार-पाच रनिंग बॅक (बॉल हातात घेऊन धावणारे खेळाडू), लाइनअपमध्ये जागा दोन किंवा तीन, आणि कोणाला लावायचं ते कळत नाही.

हा लेख तेवढ्याच प्रश्नासाठी आहे. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) बहुतेकांकडे एकच धड असतो, तो लावून मोकळं व्हायचं. किकर आणि डिफेन्सवर डोकं खपवण्यात फारसा अर्थ नाही. रनिंग बॅकचं मात्र तसं नाही, कारण त्यांची टंचाई आहे. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाने दोन लावले तर चोवीस झाले, फ्लेक्सच्या, म्हणजे रनिंग बॅक किंवा झेल घेणारा कोणीही चालणाऱ्या, जागेत आणखी काही गेले की आकडा तिसाच्या घरात. एनएफएलमध्ये संघच बत्तीस. त्यातून जायबंदी आणि सुट्टीवरचे वजा करा. भरवशाचा माल सगळ्यांना पुरतच नाही, म्हणून उरलेल्यातून नीट निवडणाऱ्याला फायदा होतो.

ड्रीम इलेव्हनची सवय असलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यायचा. तिथे दर मॅचला नवी टीम, कोणताही खेळाडू कोणालाही घेता येतो, आणि कॅप्टनचे पॉइंट दुप्पट. इथे ड्राफ्टमध्ये घेतलेला खेळाडू तुमच्या लीगपुरता मोसमभर तुमचा एकट्याचा. कॅप्टन नाही, दुप्पट काही नाही, आणि बेंचवर बसलेल्याने कितीही कमावलं तरी तुमच्या खात्यात शून्य. भारतातून खेळणाऱ्यांनी हेही पाहावं की ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झालाय. ऑफिसची लीग फुकट असेल तरच जा, डॉलरमध्ये वर्गणी असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

पायरी १: लीगचे नियम उघडा

ॲपमध्ये सेटिंग्जच्या पानावर स्कोअरिंग लिहिलेलं असतं. नवखे लोक ते उघडतच नाहीत, आणि मग भलत्याच पद्धतीच्या लीगसाठी लिहिलेला सल्ला वाचून टीम लावतात. धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर दहा यार्डांना १ पॉइंट, टचडाऊनला (बॉल शेवटच्या रेषेपार नेला की) ६, बॉल हातातून सुटून समोरच्यांनी पळवला तर उणे २, हे साधारण सगळीकडे सारखं. वेगळं असतं ते झेलाचं मोल. साध्या पद्धतीत झेलाला काही नाही, हाफ पीपीआरमध्ये (पीपीआर म्हणजे 'पॉइंट पर रिसेप्शन', झेलामागे पॉइंट) अर्धा पॉइंट, फुल पीपीआरमध्ये एक.

हा किरकोळ फरक वाटतो. पण २०१९ मध्ये कॅरोलायना पँथर्सकडून ख्रिश्चन मॅकॅफ्रीने ११६ झेल घेतले होते. २०२० मध्ये टेनेसी टायटन्सच्या डेरिक हेन्रीने २०२७ यार्ड धाव घेतली, झेल मात्र फक्त १९. दोघेही तेव्हा १६-१६ मॅच खेळले. म्हणजे फुल पीपीआर लीगमध्ये नुसत्या झेलांचे मॅकॅफ्रीला मॅचमागे सात पॉइंट वरून मिळत होते आणि हेन्रीला जेमतेम एक. ही दोघंही अशी माणसं की कुठल्याच लीगमध्ये बसवायची नाहीत. पण तुमच्या तिसऱ्या-चौथ्या रनिंग बॅकमध्ये निवड करायची वेळ येते तेव्हा हाच फरक निर्णय फिरवतो. फुल पीपीआरमध्ये झेल घेणाऱ्याला झुकतं माप द्या. साध्या पद्धतीत गोल लाइनजवळ (टचडाऊनच्या रेषेजवळ) बॉल मिळणाऱ्या दणकट गड्याला.

पायरी २: तो खेळणार आहे का, ते आधी

हास्यास्पद वाटेल, पण निम्मे आठवडे इथेच जातात.

पहिली गोष्ट बाय वीक. मोसम १८ आठवड्यांचा, मॅच १७, म्हणजे प्रत्येक संघाला एक आठवडा सुट्टी. या सुट्ट्या साधारण पाचव्या ते चौदाव्या आठवड्यात येतात. नेमकी त्याच दरम्यान दिवाळी असते. घरी पाहुणे, फराळ, कोणी भारतात गेलेलं, आणि लाइनअपमध्ये सुट्टीवरचा रनिंग बॅक तसाच बसलेला. यात नुसते आपले पॉइंट जात नाहीत. बाकीच्या अकरा जणांच्या क्रमवारीवर परिणाम होतो, म्हणून लीगमध्ये याला सरळसरळ असभ्यपणा समजतात. आठवड्याभराची गडबड दिसत असेल तर मंगळवारीच बाय असलेले खेळाडू उचलून बेंचवर टाका.

दुसरी गोष्ट दुखापत. रविवारी मॅच असलेले संघ बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस सरावाचा अहवाल जाहीर करतात. त्यात खेळाडूपुढे तीनपैकी एक शेरा असतो: सराव केला नाही, थोडा केला, पूर्ण केला. हा शेरा एकेकटा वाचायचा नसतो, तिन्ही दिवसांचा कल वाचायचा. बुधवारी नाही, गुरुवारी थोडा, शुक्रवारी पूर्ण, असं असेल तर गडी मार्गावर आहे. बुधवारी पूर्ण, गुरुवारी थोडा आणि शुक्रवारी नाही, हे मात्र वाईट लक्षण, म्हणजे आठवड्याच्या मध्ये काहीतरी बिघडलं. वयाने मोठ्या खेळाडूंना बुधवारी मुद्दाम विश्रांती देतात. तिथे शेऱ्यापुढे विश्रांती असं लिहिलेलं असतं, घाबरायचं कारण नाही.

शुक्रवारी अंतिम शिक्का बसतो. 'आऊट' म्हणजे खेळणार नाही. 'डाऊटफुल' म्हणजे खेळणार नाही असंच धरून चाला. 'क्वेश्चनेबल' म्हणजे दोन्ही शक्य, आणि खरा घोळ इथेच. पूर्वी 'प्रॉबेबल' असा आणखी एक शिक्का होता, बहुधा खेळेल अशा अर्थाचा. २०१६ मध्ये लीगने तो काढून टाकला. तेव्हापासून किरकोळ अंगदुखीवालाही क्वेश्चनेबल आणि खरोखर लंगडणाराही क्वेश्चनेबल.

९ सप्टेंबर २०२४ चा सोमवार घ्या. मोसमाचा पहिला आठवडा, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स विरुद्ध न्यूयॉर्क जेट्स, रात्रीची मॅच. मॅकॅफ्री तोवर फोर्टीनाइनर्समध्ये आलेला, बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर गेलेला, पोटरी आणि टाचेच्या दुखण्यामुळे क्वेश्चनेबल. मॅचच्या दीड तास आधी बाहेर बसणाऱ्यांची यादी आली आणि त्यात त्याचं नाव. त्याच्या जागी जॉर्डन मेसन आला, २८ वेळा बॉल घेऊन धावला, १४७ यार्ड आणि एक टचडाऊन. नुसत्या धावेचे २०.७ पॉइंट. मॅकॅफ्री पुढे थेट नोव्हेंबरमध्ये मैदानात उतरला.

यातून करायच्या गोष्टी दोन. क्वेश्चनेबल खेळाडूची मॅच रविवारी रात्री किंवा सोमवारी असेल, तर त्याच्याच वेळेची किंवा त्याहून उशिराची मॅच असलेला दुसरा कोणीतरी बेंचवर हवाच. नाहीतर यादी येईपर्यंत तुमच्याकडचे बाकी सगळे खेळून मोकळे झालेले असतात. आणि तो दुसरा कोणी म्हणून सर्वांत सोयीचा माणूस म्हणजे त्याच खेळाडूचा बदली. अशा बदलीला इथे हँडकफ म्हणतात. मोठा गडी तुमच्याकडे असेल तर त्याचा हँडकफ बेंचवर ठेवणं परवडतं.

पायरी ३: बॉल किती वेळा हातात येणार?

सगळ्या लेखातली महत्त्वाची पायरी ही. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल.

नवखा माणूस गेल्या आठवड्याचे पॉइंट बघतो. ॲपही तेच ठळक दाखवतं. पण रनिंग बॅकचे पॉइंट दर आठवड्याला उड्या मारतात, त्याला मिळणारं काम त्या मानाने स्थिर असतं. क्रिकेटच्या भाषेत, सातव्या नंबरवर येऊन सहा चेंडूंत पंचवीस काढणारा आणि चौथ्या नंबरवर येऊन चाळीस चेंडू खेळणारा, यातला पुढच्या मॅचमध्ये कोणाचा भरवसा धरायचा हे कुणी शिकवावं लागत नाही. इथेही तेच, फक्त चेंडूंच्या जागी कॅरी आणि टार्गेट मोजायचे. कॅरी म्हणजे बॉल हातात घेऊन केलेली धाव. टार्गेट म्हणजे क्वार्टरबॅकने त्याच्याकडे फेकलेला पास, झेल झाला असो वा नसो.

समजा तुमच्याकडे दोघे आहेत. गेल्या रविवारी पहिल्याने ५ कॅरी, ३१ यार्ड, २ टचडाऊन केले. हिशेब ३.१ अधिक १२, म्हणजे १५.१. दुसऱ्याने १८ कॅरीत ६१ यार्ड, ४ टार्गेट, त्यातले ३ झेल, १८ यार्ड. फुल पीपीआरमध्ये ६.१ अधिक १.८ अधिक ३, म्हणजे १०.९. ॲपमध्ये पहिला वर दिसेल. पण त्याच्या १५ मधले १२ पॉइंट दोन धावांतून आलेत, आणि पुढच्या आठवड्यात त्या दोन धावा त्याला मिळतीलच असं कोणी सांगू शकत नाही. दुसऱ्याला बावीस संधी मिळाल्या, त्यात टचडाऊन एकही झाला नाही तरी तो दहाच्या पुढे गेला. मी डोळे मिटून दुसरा लावीन.

मोजायची पद्धत सोपी. गेल्या तीन मॅचमधल्या कॅरी आणि टार्गेट यांची बेरीज करा आणि सरासरी काढा. पंधराच्या पुढे असेल तर तो लावायचा, फार विचार नको. दहा ते चौदा म्हणजे फ्लेक्सचा माल, समोर कोण आहे ते पाहून ठरवा. दहाच्या खाली असेल तर बेंच, दुसरा पर्याय अगदीच नसेल तर गोष्ट वेगळी. हे काही दगडावरचे आकडे नाहीत, पण नवख्याला एवढ्यावर अर्धा मोसम काढता येतो. पीपीआरमध्ये टार्गेटचं मोल कॅरीहून बरंच जास्त असतं, त्यामुळे नऊ कॅरी आणि पाच टार्गेट हे चौदा कॅरीपेक्षा चांगलं काम.

मग बघायचे स्नॅप, म्हणजे संघाच्या डावांपैकी किती डावांत तो मैदानावर होता. इथे डाव म्हणजे क्रिकेटची इनिंग नव्हे, बॉल खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल. संघाला मॅचमध्ये साधारण ६०-६५ डाव मिळतात. स्नॅप वाढत असतील आणि पॉइंट अजून आले नसतील, तर तो माणूस पुढच्या आठवड्यासाठी हेरून ठेवा. नवीन भरती झालेल्या रूकींच्या बाबतीत हे फार दिसतं. सप्टेंबरात दहा-बारा स्नॅप, ऑक्टोबरात तीस, आणि नोव्हेंबरात मुख्य गडी तोच.

आता वाटणीचा प्रश्न. पूर्वीसारखा एकाच रनिंग बॅकने सगळा भार वाहायचा काळ सरत आलाय. बहुतेक संघ काम दोघांत वाटतात, काही तिघांत. दोघांतली वाटणी घातकच असते असं नाही. डेट्रॉइट लायन्सने २०२४ मध्ये जमीर गिब्जला १६ आणि डेव्हिड माँटगोमरीला १२ धावेचे टचडाऊन मिळवून दिले, दोघेही बहुतेक आठवडे लावण्याजोगे. पण लायन्स त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा संघ होता. एवढं ताट भरलेलं असलं तर दोघे जेवतात. दर मॅचला सतरा गुण करणाऱ्या संघात तीच वाटणी असेल तर दोघेही उपाशी. तिघांत वाटणी असेल तर मी त्या संघाच्या वाटेलाच जात नाही. कोच पत्रकारांना "ज्याचा खेळ त्या दिवशी बसेल त्याला बॉल देऊ" असं सांगायला लागला की समजायचं, त्याचं त्यालाही माहीत नाही.

गोल लाइनचा हिशेब वेगळा ठेवा. शेवटच्या पाच यार्डांत बॉल कोणाकडे जातो? काही संघांत तो क्वार्टरबॅक स्वतःच घेतो. फिलाडेल्फिया ईगल्सचा टश पुश प्रसिद्धच आहे: जेलन हर्ट्स बॉल धरतो आणि मागचे त्याला ढकलून रेषेपार नेतात. २०२४ मध्ये सक्वॉन बार्कलीने २००५ यार्ड धाव घेतली आणि १३ धावेचे टचडाऊन केले, हर्ट्सने १४. बार्कली होता म्हणून त्याला फरक पडला नाही. अशा संघातला साधारण रनिंग बॅक मात्र एक यार्डावर आणून दुसऱ्याच्या हातात पॉइंट देत राहतो.

आणि बेंचवरून कोणी पन्नास मारले म्हणून स्वतःला शिव्या देऊ नका. २४ सप्टेंबर २०२३ ला मायामी डॉल्फिन्सने डेन्व्हर ब्रॉन्कोसला ७०-२० असं धुतलं. एका संघाने मॅचमध्ये सत्तर गुण करणं १९६६ नंतर प्रथमच घडत होतं. त्यात डेव्हॉन एचेन नावाच्या रूकीने १८ कॅरीत २०३ यार्ड, ४ झेल आणि एकूण ४ टचडाऊन केले, फुल पीपीआरमध्ये ५१.३ पॉइंट. तोवर त्याला मैदानावर जवळपास कामच मिळालेलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी ज्याने त्याला बसवलं त्याने हाती असलेल्या माहितीवर योग्यच केलं. चूक झाली असेल तर ती त्यानंतरच्या आठवड्यात ज्याने त्याला बसवला त्याची, कारण आता काम दिसलेलं होतं.

पायरी ४: समोर कोण आहे

ॲपमध्ये प्रतिस्पर्धी संघाच्या नावापुढे हिरवा-लाल आकडा असतो: हा संघ रनिंग बॅकना किती पॉइंट देतो, त्यात कितवा. पहिले चार आठवडे तो आकडा बघूच नका. तीन मॅचमध्ये तीन तगडे रनिंग बॅक समोर आले तर चांगला डिफेन्सही लाल-हिरव्याच्या चुकीच्या बाजूला दिसतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर त्याला थोडा अर्थ येतो, तोही सारखं काम असलेल्या दोघांत निवडण्यापुरता. पंधरा कॅरीवाल्याला अवघड संघासमोर लावा, सहा कॅरीवाल्याला सोप्या संघासमोर बसवा.

त्यापेक्षा उपयोगी आकडा सट्टेबाजारातून मिळतो. बेटिंग करायची नाही, नुसता वाचायचा. प्रत्येक मॅचचे दोन आकडे सगळीकडे दिसतात: दोन्ही संघांचे मिळून अपेक्षित गुण, आणि कोण किती गुणांनी वरचढ. समजा एकूण ४७.५ आणि घरचा संघ ६.५ ने वरचढ. बेरीज करून निम्मे केले की घरच्या संघाचे २७, वजाबाकी करून निम्मे केले की पाहुण्यांचे २०.५. सत्तावीस अपेक्षित असलेल्या संघाचा रनिंग बॅक टचडाऊनच्या जास्त जवळ जाणार, हे उघड आहे.

पुढे असलेला संघ घड्याळ खाण्यासाठी धावत राहतो, मागे पडलेला संघ पास फेकत सुटतो. त्यामुळे सात-आठ गुणांनी कमजोर मानल्या गेलेल्या संघातला, नुसता धावणारा रनिंग बॅक दुसऱ्या हाफमध्ये गायब होतो. त्याच संघातला झेल घेणारा बॅक मात्र तेव्हाच मैदानावर येतो आणि पीपीआरमध्ये शांतपणे सहा झेल गोळा करतो. दोघांचं पारडं जवळजवळ सारखं असताना मी हा एक मुद्दा बाकी सगळ्यांवर ठेवतो.

हवामानाचं फार मनाला लावून घेऊ नका. पाऊस, हलका बर्फ यांनी रनिंग बॅकचं फारसं बिघडत नाही. जोराचा वारा असेल तर लांब पास बंद होतात आणि धावेचं काम उलट वाढतं.

पायरी ५: तुम्हाला किती हवेत

ॲप दोन्ही टीमचे अंदाजित पॉइंट दाखवतं. ते अंदाज काही फार अचूक नसतात, पण कोण वरचढ आहे तेवढं कळतं. तुम्ही वीसने पुढे असाल तर दहा-बारा पक्के देणारा कंटाळवाणा रनिंग बॅक लावा. तुम्ही वीसने मागे असाल तर त्या कंटाळवाण्याने काही होणार नाही. तिथे आठ कॅरी मिळणारा पण एका धावेत साठ यार्ड तोडू शकणारा पोरगा लावायला हरकत नाही. तिसऱ्या पायरीत जे सांगितलं त्याला हा एवढाच अपवाद.

पायरी ६: लाइनअप भरायची वेळ

मॅच सुरू झाली की खेळाडू जागेवर कुलूपबंद होतो. गुरुवारी रात्री खेळणारा रनिंग बॅक कधीही फ्लेक्समध्ये ठेवू नका, रनिंग बॅकच्याच जागेत ठेवा. फ्लेक्समध्ये रनिंग बॅक किंवा झेल घेणारे वाइड रिसीव्हर, टाइट एंड कोणीही चालतो. ती मोकळी जागा सर्वांत उशिरा खेळणाऱ्यासाठी राखली तर आयत्या वेळी कोणी बाहेर बसला तरी बदल करायला तीन प्रकारचे खेळाडू चालतात. गुरुवारवाला तिथे बसवलात की ती सोय तीन दिवस आधीच संपली.

बाहेर बसणाऱ्यांची यादी मॅचच्या ९० मिनिटं आधी येते. रविवारच्या दुपारच्या मॅच न्यूयॉर्कच्या घड्याळाने १ वाजता, म्हणजे यादी ११.३० ला. डॅलसला १०.३०, कॅलिफोर्नियात सकाळी ८.३०, भारतात रात्री ९. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं मागे जातात, मग भारतात तीच यादी रात्री १० ला. युरोपातल्या मॅच न्यूयॉर्कच्या वेळेने बहुधा सकाळी ९.३० ला असतात. बे एरियातल्या माणसाला त्यासाठी पहाटे पाचला उठावं लागेल, त्यापेक्षा त्या मॅचमधला क्वेश्चनेबल बॅक शनिवारी रात्रीच बसवून झोपलेलं बरं.

सणासुदीला वेळापत्रक बदलतं. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी तीन मॅच असतात, २०२३ पासून दुसऱ्या दिवशी शुक्रवारीही एक. डिसेंबरात शनिवारी मॅच येतात, नाताळला येतात. २५ डिसेंबर २०२० ला शुक्रवार होता. न्यू ऑर्लीन्स सेंट्सच्या ॲल्विन कमाराने मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध त्या दिवशी धावेचे सहा टचडाऊन केले. हा १९२९ चा अर्नी नेव्हर्सचा विक्रम, त्याची बरोबरी झाली. फुल पीपीआरमध्ये ५६.२ पॉइंट, आणि पुष्कळ लीगची तेव्हा फायनल चाललेली. रविवारी सकाळी लाइनअप बघू म्हणणाऱ्याच्या बेंचवर तो असता तर उचलायला उशीर झालेला असता. म्हणून नियम सोपा ठेवा: बुधवारी एकदा वेळापत्रक बघायचं आणि लाइनअप भरून टाकायची, पुढे बदल होत राहतील.

मोठं नाव बसवावं का?

पहिल्या-दुसऱ्या फेरीत घेतलेला रनिंग बॅक समोरचा डिफेन्स तगडा आहे म्हणून बसवू नका. इथले जुने खेळाडू हे घोकूनच सांगतात आणि ते बरोबर आहे. अठरा-वीस वेळा बॉल मिळणारा माणूस कुणाहीविरुद्ध पॉइंट काढतो.

बसवायचं तेव्हा, जेव्हा कामच कमी झालंय. सलग तीन आठवडे स्नॅप घटताहेत, गोल लाइनवर दुसरा येतोय, तिसऱ्या प्रयत्नाला, म्हणजे पासच्या वेळी, याला बाहेर काढताहेत, तर नाव कितीही मोठं असो, तो आता फ्लेक्सचा माल. ऑगस्टमध्ये त्याच्यावर पहिली निवड खर्च केली हे विसरायला सर्वांत जड जातं. ऑक्टोबर लागला की ड्राफ्टचा कागद बघणं बंद करा. दुखापतीतून परतलेल्याला पहिल्याच मॅचला लावायचं का, यावर माझं मत सावध आहे. आधी महिनाभर बाहेर असेल तर कोच बहुधा बेतानेच वापरतो, बरा पर्याय असला तर एक आठवडा थांबा.

शेवटच्या, म्हणजे अठराव्या आठवड्याचा काहीच भरवसा नसतो. ज्या संघांचं प्लेऑफमधलं स्थान पक्कं झालेलं असतं ते मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात. २०२४ च्या मोसमात बार्कली एरिक डिकर्सनच्या १९८४ मधल्या २१०५ यार्डांच्या विक्रमापासून फक्त १०० यार्ड दूर होता, तरी ईगल्सने त्याला शेवटच्या मॅचला बसवला. विक्रमासाठी खेळवत नाहीत, तर तुमच्या लीगसाठी कुठून खेळवणार? म्हणून बहुतेक लीगची फायनल सतराव्या आठवड्यात संपते. तुमची अठराव्यापर्यंत जात असेल तर पुढच्या वर्षी कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, सांगून बदलून घ्या.

सोमवारची रात्र

एक प्रसंग असा येतो की चांगलाभला रनिंग बॅक हाती असून बसवायचा. रविवार संपला, समोरच्याचे सगळे खेळाडू खेळून झालेत, तुम्ही १.४ ने पुढे आहात आणि तुमचा एकच गडी सोमवारी रात्री बाकी आहे. तो खेळून तुम्ही आणखी जिंकणार नाही. त्याने पहिल्याच धावेला बॉल गमावला आणि दुखापत होऊन बाहेर गेला तर मात्र उणे २ होऊन हराल. जागा रिकामी ठेवायला तुमच्या लीगची परवानगी असेल तर त्याला खाली उतरवा. त्याआधी दोन गोष्टी तपासा. बरोबरी झाल्यास प्लेऑफची जागा मोसमातल्या एकूण पॉइंटवर ठरत असेल तर त्याचे पंधरा पॉइंट पुढे कामी येऊ शकतात. दुसरं, एनएफएल मॅचनंतर दोन-तीन दिवसांत आकडे दुरुस्त करते. कुणाच्या चार यार्डांचे दोन होतात, एखादा झेल दुसऱ्याच्या नावावर जातो. आघाडी १.४ ऐवजी ०.२ असेल तर त्या दुरुस्तीत ती जाऊ शकते, तेव्हा रनिंग बॅक लावलेलाच बरा.